लिफ्ट बंद असतानाचा स्नेह

“लिफ्ट बंद राहिल्याच्या काळात रहिवाशांचे आरोग्य सुधारले, परस्परांतील स्नेह वाढला आणि कोणाचीही कसलीही गैरसोय झाली नाही, याची समिती आनंदाने नोंद घेत आहे.”

हे वाक्य आमच्या इमारतीच्या व्यवस्थापन समितीच्या वार्षिक अहवालात आहे. अहवाल तळमजल्यावरच्या काचेच्या फळ्यात लावलेला असून त्या फळ्याला आता कुलूप असते, कारण मागील अहवालाच्या समासात कोणीतरी पेन्सिलीने प्रश्नचिन्हे काढली होती. ती कोणी काढली हे समितीला अद्याप समजलेले नाही. मी तर्कशास्त्राचा प्राध्यापक आहे आणि माझी पेन्सिल मऊ असते. याहून अधिक मी काही सांगणार नाही.

वाक्यात विधाने तीन आहेत. आधी आरोग्य घेऊ. आमची इमारत सहा मजल्यांची, आणि समितीचे अध्यक्ष पहिल्या मजल्यावर राहतात. तिथवरच्या पायऱ्या माणूस स्वतःच्या गुडघ्यांना न कळवताही चढू शकतो. अध्यक्षांचे आरोग्य सुधारले असेल तर माझी हरकत नाही. पण ‘रहिवाशांचे’ हे अनेकवचन त्यांनी कुठून आणले? चौथ्या मजल्यावरच्या नवविवाहित गृहस्थाने धुलाईयंत्र खांद्यावरून वर नेले आणि त्यानंतर तो बराच काळ उजवीकडेच पाहत असे. मी स्वतः शब्दकोशाचे सर्व खंड एकाच खेपेत नेण्याचा प्रयत्न केला. शब्दांना वजन असते हे विधान मी आयुष्यभर लाक्षणिक अर्थाने घेत आलो होतो. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर डाव्या खांद्याने त्याचा वाच्यार्थ समजावून दिला.

आता गैरसोय. ‘कोणाचीही’ आणि ‘कसलीही’ अशी दोन सर्वव्यापी पदे एकाच वाक्यात योजण्याचे धाडस अभ्यासू माणूस करत नाही, कारण असे विधान पाडायला एक अपवाद पुरतो. तो अपवाद आमच्याच घरात राहतो. माझ्या सासूबाई आमच्याजवळ तिसऱ्या मजल्यावर असतात. उभी हयात त्यांनी टेलिफोन कार्यालयात लोकांचे फोन एकमेकांना जोडून देण्यात घालवली; आता दोन्ही गुडघे गेले आहेत. जिना उतरणे त्यांना अशक्य आहे. लिफ्ट बंद म्हणजे सासूबाई कैद. याला ‘कसलीही गैरसोय नाही’ म्हणणाऱ्याला मी अज्ञानी म्हणणार नाही. अज्ञानाला निदान निरागसपणा असतो.

राहिले मधले विधान, स्नेहाचे. त्याला वेगळा न्याय लावावा लागतो. खोटे बोलणाऱ्याच्या तोंडून चुकून खरे निघाले तर त्याचे श्रेय त्याला द्यावे की नाही, हा जुना वादाचा विषय आहे, आणि तो सोडवायचा तर सारा वृत्तांत सांगणे भाग आहे.

लिफ्ट पहिल्यांदा बंद पडली ती प्रामाणिकपणे बंद पडली. जुनी यंत्रणा, जाळीची सरकती दारे, आणि वर चढताना एखाद्या वृद्ध गवयाने घसा साफ करावा तसा आवाज. एके सकाळी तो आवाज आला नाही. मी त्याची दखल घेतली नसती, पण दुपारी मेहुण्यांचा फोन आला. मेहुणे दुसऱ्या शहरात राहतात आणि त्यांचे घर तळमजल्यावर आहे. काही लोक घराण्याविषयी बोलतात, काही पदव्यांविषयी. आमचे मेहुणे तळमजल्याविषयी बोलतात.

“भावोजी, आईला इकडे घेऊन जातो. आमचा तळमजला आहे. जिन्याची भानगडच नाही.”

“लिफ्ट दुरुस्त होईल,” मी म्हणालो.

“होईल हो. पण परत बंद पडेल ना! उद्या रात्री-अपरात्री आईला दवाखान्यात न्यायची वेळ आली तर? पाठुंगळी मारणार आहात का तुम्ही?”

माझ्या शरीरयष्टीविषयीचा हा अभिप्राय मी गिळला. शेवटी असे ठरले की पुढच्या महिन्यात मेहुणे येतील; तोवर लिफ्ट नीट, भरवशाने चालू झाली असेल तर सासूबाई इथेच राहतील, नाही तर तळमजल्यावर जातील. आणि हे सासूबाईंना सांगायचे नाही. हा शेवटचा ठराव बहीण-भावांनी एकमताने संमत केला. आमच्या घरात ज्याच्याविषयी निर्णय घ्यायचा त्याला सोडून तो बाकी सर्वांना सांगण्याची पद्धत आहे, आणि तिला माया असे म्हणतात.

“उगाच हाय खाईल ती,” पत्नी म्हणाली. मग भांडी विसळता विसळता, माझ्याकडे पाठ करून, “अहो, काहीही करा, पण लिफ्ट चालू करा. आई गेली ना, तर या घरात बोलायला कोण राहील मला? तुम्ही?”

माणसाने अनेक ग्रंथ लिहावेत, दोन पिढ्यांना युक्तिवाद शिकवावा, आणि अखेर स्वतःच्या स्वयंपाकघरात त्याचे नाव एका प्रश्नचिन्हासह उच्चारले जावे! मी त्याच संध्याकाळी अध्यक्षांकडे गेलो.

अध्यक्ष झोपाळ्यावर बसून पाय हलवत होते. “या, या, प्राध्यापकसाहेब! लिफ्टचंच ना? अहो, वाईटातून चांगलं बघायला शिका. मी तर म्हणतो, ही संधी आहे!”

“कसली?”

“चालण्याची! लोक पैसे भरून व्यायामशाळेत जिने चढतात. आपण तर घरबसल्या देतोय.”

“माझ्या सासूबाईंचे गुडघे—”

“सकारात्मक विचार, सर. गुडघ्यांचं सगळं मनावर असतं.”

सुखाचा हा एक प्रकार मी फार पूर्वीपासून ओळखतो. दुसऱ्याच्या दुःखात जे चांगले सापडते ते नेहमी शोधणाऱ्याच्या सोयीचे असते. पायात काटा रुतलेल्या माणसाला काट्याच्या टोकदारपणाचे कौतुक ऐकवणारे लोक इतिहासात सर्वत्र आढळतात, आणि बहुधा ते कोणत्या ना कोणत्या समितीवर असतात. मी उठलो. निघताना अध्यक्षांनी कळवळून सांगितले की, लिफ्ट दुरुस्त झाली तरी शासकीय तपासणीचा दाखला संपला असल्याने ती चालवता येणार नाही आणि तो दाखला आणण्याइतका मोकळा वेळ इमारतीत फक्त माझ्याजवळ आहे. “तुम्हाला काय, पुस्तकंच तर वाचायची असतात!”

लिफ्टला शासन उद्वाहन म्हणते. उद्वाहन निरीक्षकांचे कार्यालय एका चार मजली शासकीय इमारतीच्या चौथ्या मजल्यावर आहे. त्या इमारतीतले उद्वाहन तिसऱ्या मजल्यापर्यंतच जाते. याचे कारण मी विचारले नाही. काही ठिकाणी माणसाने आपले कुतूहल दाराबाहेर काढून ठेवावे. खिडकीमागच्या कारकुनाने माझा अर्ज दोन्ही बाजूंनी पाहिला.

“लिफ्ट चालू आहे का?”

“नाही. म्हणूनच मी आलो आहे.”

“मग तपासायचं काय? बंद लिफ्टची तपासणी होत नाही.”

“आणि तपासणीविना ती चालू करता येते का?”

“छे! बेकायदेशीर आहे ते.”

“म्हणजे चालू केल्याशिवाय तपासणी नाही आणि तपासणीशिवाय चालू करणे नाही.”

“बरोबर,” तो समाधानाने म्हणाला. “तुम्हाला लवकर कळलं. लोकांना दहा-दहा वेळा सांगावं लागतं.”

या दोषाला आमच्या शास्त्रात अन्योन्याश्रय म्हणतात. मी तो त्याला उदाहरणासहित समजावून दिला. मागच्या रांगेतून “अहो आजोबा, आटपा!” असा आवाज आला. मी आजोबा नाही. शेवटी त्याच रांगेतल्या एका बाईंनी माझी कीव येऊन सांगितले की ‘चाचणीसाठी तात्पुरती चालू’ असा अर्ज केला की कोणी काही विचारत नाही. तसा अर्ज केला. कोणी काही विचारले नाही.

इकडे घरी निराळेच वर्तमान घडत होते आणि त्याकडे माझे लक्ष नव्हते. लिफ्ट बंद झाल्यापासून सासूबाई आमच्या दाराबाहेर, लिफ्टच्या जाळीला खेटून, एक स्टूल टाकून बसू लागल्या होत्या. “वाऱ्याला बरं वाटतं,” त्या म्हणत. वारा तिथे येत नाही. पण सहा मजल्यांच्या जिन्यात तिसरा मजला ही अशी जागा आहे की तिथे माणसाचा अभिमान संपतो. तळापासून निघालेला मनुष्य पहिल्या मजल्यावर तरुण असतो, दुसऱ्यावर प्रौढ, आणि तिसऱ्यावर कठडा धरून उभा राहतो. त्याच क्षणी समोरून एक वृद्ध आवाज येई, “टेका हो जरा. पाणी देऊ?”

प्रथम सहाव्या मजल्यावरचे दंतवैद्य टेकले. त्यांचा दवाखाना घरातच आहे. “काकू, धंद्याला लिफ्ट बंदच बरी,” ते म्हणाले. “पेशंट वर येईपर्यंत धापा टाकत असतो. तोंड आधीच उघडं!” मग पाचव्या मजल्यावरच्या शिकवणी घेणाऱ्या बाई टेकू लागल्या. चौथ्या मजल्यावरच्या नवविवाहितांचे धुलाईयंत्रावरून बिनसले होते. ते वेगवेगळ्या वेळी येऊन सासूबाईंजवळ बसत आणि एकमेकांसाठी निरोप ठेवत.

“आजी, त्याला म्हणावं, दूध मी आणलंय.”

“आजी, तिला म्हणावं, मीपण आणलंय.”

“दोघांनी आणलंत ना? मग आता एकत्र वर जा आणि दही लावा,” असा निकाल सासूबाईंनी दिला, आणि ती दोघे एकाच पायरीवरून, अर्थात अंतर ठेवून, वर गेली.

त्याचा परिणाम आमच्या जेवणावर झाला. सासूबाईंचा जुना नेम होता की रात्री पानावर बसले की प्रत्येकाने दिवसातली एक बरी गोष्ट सांगायची. “मोठी नको. पुरणारी असली की झालं,” त्या म्हणत. पूर्वी त्यांची स्वतःची गोष्ट बहुधा खिडकीशी निगडित असे: समोरच्या गच्चीवर मांजर येऊन गेले, ऊन आज खुर्चीपर्यंत आले. आता त्यांच्याजवळ एवढा साठा जमू लागला की आमटी निवायची. दंतवैद्यांना स्वतःची दाढ काढून घ्यायची भीती वाटते. शिकवणीच्या बाई एकट्या असताना शीळ घालतात. चौथ्या मजल्यावर दही लागले.

“जावईबापू, तुमचं?”

“आज कोणी मला आजोबा म्हणाले नाही.”

“हेही चालेल,” त्या गंभीरपणे म्हणत. त्यांनी माझी एकही गोष्ट कधी नापास केली नाही. अध्यक्षांच्या ‘चांगल्या’त आणि सासूबाईंच्या ‘बऱ्या’त काय फरक आहे यावर मला एक टिपण लिहायचे होते, पण लिफ्टपायी ते राहून गेले.

मग मेकॅनिक आला. उंच, उत्साही आणि स्वतःच्या हातगुणाविषयी निःशंक असा हा मनुष्य एका दुपारी यंत्रखोलीत चढला आणि दिवेलागणीला वृद्ध गवयाने पुन्हा घसा साफ केला. इमारतीत टाळ्या झाल्या. जाता जाता तिसऱ्या मजल्यावर त्याने काही सूचना दिली. ती मी ऐकली नाही, कारण त्याच वेळी मी त्याला ‘उद्वाहन’ या शब्दाची व्युत्पत्ती सांगत होतो. पत्नीला ती आता आठवते. तो म्हणाला होता, “या मजल्याचं दार तेवढं सांभाळा, साहेब. खटका झिजलाय. बोटभर जरी सरकलं तरी लिफ्ट असेल तिथं थांबते. ओढून घेतलं की चालू.” माझे लक्ष धातूकडे होते, म्हणजे संस्कृत धातूकडे. सासूबाई त्याला पाणी देत होत्या.

दुसऱ्या दिवशी लिफ्ट बंद पडली.

मेकॅनिकला बोलावले. तो आला, सासूबाईंनी स्टूल बाजूला घेतले, त्याने कळ दाबली आणि लिफ्ट चालू झाली. “बघा! मी आलो की चालते,” तो म्हणाला. तो गेला आणि दुपारी ती बंद पडली. पुन्हा तो आला, पुन्हा ती चालली. या क्रमाची इतकी आवर्तने झाली की मेकॅनिकला स्वतःविषयी आदर वाटू लागला. मजल्यामजल्यावरून लोक ओरडत, “दार उघडं राहिलंय का कुणाचं?” आणि तिसऱ्या मजल्यावरून स्पष्ट, टेलिफोन कार्यालयात घडलेला आवाज उत्तर देई, “इथलं मी बघतेय हो!” त्या विधानात एक अक्षरही असत्य नव्हते.

सल्ल्यांना तोटा नव्हता. दंतवैद्यांच्या मते मूळ सडले होते आणि सगळी यंत्रणाच उपटायला हवी होती. शिकवणीच्या बाईंच्या मते लिफ्टला शिस्त नव्हती. अध्यक्ष म्हणाले, “तिलाही विश्रांती लागते, सर.” मला मात्र हळूहळू एक आकृती दिसू लागली होती. लिफ्ट आपोआप बंद पडत नव्हती. ती कोणीतरी पाडत होते. कोण? ज्याला तिची गरज नाही तो. ज्याला ती बंद असण्यात आनंद आहे तो. ज्याने बंद लिफ्टची जाहीर स्तुती केली आहे तो. धूर तीन ठिकाणांहून निघत होता आणि अग्नी पहिल्या मजल्यावर झोपाळ्यात बसला होता.

“अहो, अध्यक्ष कशाला करतील असलं?” पत्नी म्हणाली. “आणि आई म्हणते—”

“आईंना यातले काय कळणार?” मी म्हणालो. हे वाक्य मी इथे लपवू शकलो असतो.

चाचणीचा दिवस उजाडला. निरीक्षक जिन्याने वर आले, तिसऱ्या मजल्यावर कठडा धरून उभे राहिले, आणि अर्थातच टेकले. नियमानुसार निरीक्षकाने चाचणीच्या वेळी बाहेर थांबायचे असते आणि जबाबदार रहिवाशांनी आत बसायचे असते, असे त्यांनी सांगितले. हा नियम कोणी केला असेल याविषयी माझ्या मनात शंका नाही. तेव्हा अध्यक्ष आणि मी, परस्परांचा श्वासही न घेण्याचा प्रयत्न करत, तळमजल्यावरून निघालो. पहिला मजला गेला. दुसरा गेला. तिसऱ्याची फरशी माझ्या डोळ्यांच्या रेषेत आली आणि लिफ्ट थांबली.

जाळीतून मला निरीक्षकांचे बूट दिसत होते. शेजारी सासूबाईंची पावले आणि स्टुलाचे पाय. बूट बोलत होते.

“...मुलगी लांब असते, मावशी. कामात असते. रविवारी फोन करते म्हणाली होती. मीही तसा करत नाही मग. म्हटलं, त्रास कशाला.”

“त्रास होतो की नाही ते तिला ठरवू द्या की. फोन दोन्हीकडून लागतो, साहेब. मी आयुष्यभर तेच केलंय.”

“निरीक्षकसाहेब!” मी बुटांना उद्देशून म्हणालो.

“जरा थांबा,” बूट म्हणाले. “बोलतोय मी.”

मी आजवर अनेक परिसंवादांत बोललो आहे. पादत्राणांनी मला थांबवण्याचा हा पहिलाच प्रसंग. इकडे अध्यक्षांचा चेहरा ओल्या खडूसारखा झाला होता. “सर, हवा संपेल का हो?” त्यांनी माझी बाही धरली. चारही बाजूंनी जाळी आहे हे मी त्यांच्या निदर्शनाला आणले. “हो, पण समजा संपलीच तर?” माझ्या तोंडून, मी शपथेवर सांगतो, आपोआप शब्द निघाले, “सकारात्मक विचार करा.” त्या दिवशी रात्री पानावर मी हीच बरी गोष्ट सांगितली.

“आई!” मी शेवटी हाक मारली. “आई, मी आत आहे!”

“अगंबाई! जावईबापू, तुम्ही होय आत?” सासूबाई म्हणाल्या. स्टुलाचा पाय कुरकुरला, कुठेतरी लोखंड लोखंडाला टेकले आणि लिफ्ट सुरळीत वर आली.

कावळा बसला आणि फांदी मोडली. म्हणून कावळ्याने फांदी मोडली असे जो म्हणतो त्याला आम्ही पहिल्याच वर्षी नापास करतो. मी योगायोग ओळखला आणि बाजूला सारला. माझे अनुमान असे झाले की, अध्यक्षांनी घाबरून माझी बाही धरली तेव्हा त्यांचा हात कळीवरून निघाला, आणि म्हणून लिफ्ट सुटली. निरीक्षकांनी शेरा लिहिला, ‘असमाधानकारक, पुन्हा येणे आवश्यक’, आणि कोणत्या दिवशी यायचे हे सासूबाईंना विचारले.

मेहुणे ठरल्याप्रमाणे महिन्याने, रविवारी सकाळी येणार होते. लिफ्ट तेव्हाही बंद होती. पत्नी आदल्या दिवसापासून माझ्याशी बोलत नव्हती. ती आईच्या साड्यांना उगाचच इस्त्री करत होती आणि केलेली घडी मोडून पुन्हा करत होती. तिचे ते काम पाहत उभे राहणे मला जमेना. मी ठरवले की मेहुण्यांच्या देखत गुन्हेगार उघडा पाडायचा. कारण गुन्हेगार सापडला तर लिफ्ट चालेल, आणि लिफ्ट चालली तर ती घडी मोडावी लागणार नाही. मी तिसऱ्या मजल्याच्या चौकात रहिवाशांची सभा बोलावली. दंतवैद्य, शिकवणीच्या बाई आणि दही लागलेले जोडपे पायऱ्यांवर बसले. अध्यक्ष आले. सासूबाई स्टुलावर होत्याच.

मी तासिकेच्या स्वरात सुरुवात केली. हेतू, संधी, पूर्ववर्तन अशा क्रमाने मी पुरावा मांडला. अध्यक्ष लाल झाले.

“अहो, मी पहिल्या मजल्यावर राहतो! मला काय पडलंय लिफ्टचं?”

“हाच माझा मुद्दा क्रमांक एक.”

“आणि मी स्वतः अडकलो होतो ना आत? तुमच्याबरोबर?”

“संशय टाळण्यासाठी.”

“माझी बोबडी वळली होती!”

“ती मी पाहिली. अभिनय म्हणून ती उत्तम होती.”

“सर,” दंतवैद्य हळूच म्हणाले, “बोबडी खरी होती. मी वरून ऐकली.”

तेवढ्यात जिन्यावर धाप ऐकू आली आणि वळणावरून मेहुणे उगवले. कठडा धरून ते बराच वेळ केवळ हाताने बोलत होते. सासूबाईंनी पाण्याचा तांब्या पुढे केला. पाणी पिऊन त्यांनी प्रथम बंद लिफ्टकडे आणि मग माझ्याकडे पाहिले.

“झालं, भावोजी? महिना दिला होता. आई, सामान भर. दुपारी निघायचं.”

“कुठे?”

“आमच्याकडे. कायमचं. लिफ्ट चालू झाली नाही तर तू तळमजल्यावर यायचं, असं ठरलं होतं.”

“कुणाचं ठरलं होतं?” सासूबाईंनी विचारले.

पत्नी दारात उभी होती, हातात इस्त्री केलेली साडी. सासूबाईंनी आधी मुलाकडे, मग मुलीकडे आणि शेवटी माझ्याकडे पाहिले. मी माझ्या टिपणांकडे पाहिले.

“म्हणजे लिफ्ट चालू असती तर मी इथेच राहिले असते?”

“हो, आई,” पत्नी म्हणाली. “तू हाय खाऊ नयेस म्हणून... हे किती धावले गं त्या लिफ्टसाठी.”

“जावईबापू, माझ्यासाठी धावत होतात तुम्ही? मला वाटलं, तुम्हाला अध्यक्षांशी भांडायला आवडतं.”

दोन्ही विधाने एकाच वेळी सत्य असू शकतात हे सांगण्याची ती वेळ नव्हती. सासूबाईंनी जाळीला हात टेकला. मला अजूनही काही कळले नव्हते, हे मी नमूद करतो. माझ्या आधी ते दंतवैद्यांना कळले, बाईंना कळले, त्या नवविवाहितांना कळले आणि अध्यक्षांनाही कळले. मेहुणे तेवढे माझ्या सोबतीला होते. पुढील जबाब मी कसलाही फेरफार न करता देतो. समितीने तो आपल्या अहवालात, त्या मधल्या विधानाखाली, पुरावा म्हणून छापावा.

“अध्यक्षांना सोडा. लिफ्ट मी बंद पाडत होते. हे दार बोटभर सरकवायचं, बस्स. कुणी अडकल्यासारखं वाटलं की ओढून घ्यायचं. ती चालू असायची तेव्हा ही सगळी माणसं रोज माझ्या दारावरून वर जायची आणि मला नुसता दोराचा आवाज यायचा. रात्री पानावर सांगायला मांजर शोधावं लागायचं मला. बंद पडली आणि पहिल्यांदा कळलं की वर कोण राहतं. चुकलं माझं, सगळ्यांचे पाय दुखले असतील. आजपासून हात नाही लावणार दाराला, चालू द्या तिला. पण बाळा, मला तळमजल्यावर नेऊ नकोस. तळमजल्यावर कुणाला धाप लागत नाही.”